सव्वा महिन्याचं पाणी

इगतपुरीत आषाढ लागला की कपडा वाळत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा. घाटातून वर चढलेले ढग उंबरा ओलांडून आत येतात, भिंतींना ओल धरते, मिठाला पाणी सुटतं. अशा दिवसांत घरात बाळंतीण असली की लंगोटांचा आणि दुपट्यांचा ढीग हीच घरातली सगळ्यात मोठी अडचण होऊन बसते. घाटमाथ्यावरच्या बायांचा तोडगा असा: चुलीतले निखारे घमेल्यात ओढायचे, वर बांबूचं डालं उपडं घालायचं आणि डाल्यावर कपडे पसरायचे. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा पडला की कपडा सुकता सुकता त्याला धुरीही मिळते. एरवी कोंबड्या झाकणारं डालं पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत मुक्कामाला जायचं.

बाळंतपणाच्या जुन्या चालींवर लिहिताना लाडू आणि काढे पटकन डोळ्यांपुढे येतात. डिंक, आळीव, मेथी, सुंठ ही यादी कुणालाही तोंडपाठ असते. डाल्यासारख्या गोष्टी त्या यादीत नसतात. पण सव्वा महिन्याच्या त्या सगळ्या रिवाजाचा कणा कामाचा होता. बाळंतिणीच्या वाटची कामं कोणी करायची, किती दिवस करायची आणि कशाच्या मोबदल्यात, याची ती ठरवून टाकलेली वाटणी होती. इगतपुरी तालुक्यात ही वाटणी कुठे टिकली आणि कुठे मोडली याचा माग काढणं सोपं जातं. रेल्वेच्या चाळी, घोटीची भाताची पेठ, खाचरांची गावं आणि डोंगराच्या कुशीतल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी वाड्या इथे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

खाऊनपिऊन सुखी शेतकरी घरातली वाटणी आधी पाहू. मूल जन्मलं की घराला सोयर लागायचं. दहा दिवस बाळंतिणीनं चुलीला, देवाला, पाण्याच्या हंड्याला शिवायचं नाही. ज्या बाईचा दिवस पहाटे पाण्यानं सुरू व्हायचा आणि रात्री भांड्यांनी संपायचा, तिला हे दहा दिवस कुणी काम सांगू शकत नव्हतं. सांगितलं तर विटाळ सगळ्या घराला. विटाळाची कल्पना अपमानाचीच आहे, तिची भलामण करण्याचं कारण नाही. पण तिच्या आडोशाला बाळंतिणीला झोप मिळत होती, हेही तितकंच खरं. सासूनं प्रेमानं दिलेली सुट्टी सासूच्या मर्जीवर टिकते. सोयराची सुट्टी मोडायला सासूही धजावत नसे.

या दिवसांत मुख्य माणूस म्हणजे सुईण. तिचं काम नाळ कापून संपत नसे. रोज सकाळी ती यायची, बाळंतिणीचं अंग चोळायची, पोट बांधायची, दोघांना न्हाऊ घालायची. पाय लांब करून पाटावर बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं आणि कढत पाण्याचे तांबे ओतायचे, ही तिची बैठक. अंगाला तेल लागायचं ते तालुक्यात पिकणाऱ्या खुरासणीचंही असे. न्हाणं झालं की बाजेखाली शेगडी. त्यानंतर मायलेकरं गाढ झोपायची आणि सुईण धुणं घेऊन ओढ्यावर जायची. मोबदला धान्यात, लुगड्यात, खणानारळात. मानाचं बोलायचं तर तिचं स्थान खालचंच. बहुतेक ठिकाणी हे काम दलित किंवा आदिवासी बायांकडे होतं, आणि बाराव्या दिवसानंतर त्याच घरात तिला ओसरीवर बसवलं जाई.

आता या सगळ्यातलं पाणी मोजून पाहावं. आईचं न्हाणं, बाळाचं न्हाणं, दोघांचे कपडे, शेकाचं पाणी, पिण्यासाठी उकळून ठेवलेलं शेपा-ओव्याचं पाणी. नळ नसलेल्या घरात हे सगळं डोक्यावरून यायचं आणि ते तापवायला सरपणही डोक्यावरूनच. म्हणजे एका बाईचा सव्वा महिन्याचा आराम ही दुसऱ्या दोघी-तिघींची वाढीव मेहनत होती. कित्येक घरांत सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीवर जाऊन हळदकुंकू वाहते आणि भरलेली कळशी घेऊन परत येते. या पूजेचा धार्मिक अर्थ काहीही लावता येईल. गावाला तिचा व्यवहारी अर्थ नीट कळत होता: आजपासून ही बाई पुन्हा पाण्याला जाणार.

१८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जन्माच्या चाली जातवार नोंदल्या आहेत. त्यात पाचव्या दिवसाची सटवाईची पूजा पुन्हा पुन्हा येते. पाटा-वरवंटा, विळी, दिवा आणि रात्रभर जागरण. पाचवी-सहावीची रात्रच का, याचं उत्तर आजच्या वैद्यकात सापडतं. नाळेतून शिरणारा नवजात अर्भकाचा धनुर्वात जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत बळी घेतो. नाळ विळ्यानं कापायची आणि त्यावर राख दाबायची अशी पद्धत होती तेव्हा त्या रात्रीची भीती पोकळ नव्हती. बाया जागत होत्या ते बरोबर वेळी. इलाज मात्र त्यांच्या हातात नव्हता. भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडलं.

जुन्या चालींतलं घातक तेही सांगितलं पाहिजे. खोलीचे झरोके बुजवून आत निखारे धुमसत ठेवले की धूर आणि विषारी वायू कोंडतो. पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवायचं, ही सवय तर आजही कुठे कुठे तग धरून आहे.

पण ही सगळी व्यवस्था, चांगली-वाईट जी काय होती ती, घरात चार हात आणि कणगीत धान्य असेल तरच चालायची. वाडीवरच्या घरात ते दोन्ही नसायचं. इगतपुरीचं पीक भात. भाजलेल्या राबावर जूनमध्ये टाकलेली रोपं जुलैत उपटून खाचरात लावायची, आणि हे काम पंधरा-वीस दिवसांत उरकलं नाही तर वर्ष हातचं जातं. कंबरेत वाकून, गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं घेऊन लावणी करतात त्या बहुतेक बायाच. त्या दिवसांत बाळंत झालेल्या बाईला सव्वा महिना कोण देणार? बांधावरच्या झाडाला झोळी, झोळीपाशी सहा-सात वर्षांची थोरली बहीण आणि आई खाचरात. नागलीची भाकरी आणि भाताची पेज हाच बाळंतिणीचा खुराक. कातकरी कुटुंबं तर दिवाळीनंतर घाट उतरून वीटभट्ट्यांवर जायची, अजूनही जातात. तिथे पाल हीच बाळंतिणीची खोली.

१८६५ च्या जानेवारीत थळ घाटातून कसारा ते इगतपुरी रेल्वे सुरू झाली आणि गावाचं रूप पालटलं. सदतिसास एक अशा चढावर गाडी ढकलायला जादा इंजिनं, ती ठेवायला शेड, ती चालवायला माणसं, माणसांना चाळी. बाळंतपणाच्या इतिहासात रेल्वे आणण्याचं कारण माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम रेल्वेच्या आधी पायवाटेच्या आणि बैलगाडीच्या टप्प्यात राहणाऱ्या सोयरिकींपुरता होता. गाडी आल्यावर मुंबईच्या गिरणीतला, गोदीतला नवरा आणि घाटावरचं माहेर यांच्यात एका दिवसाचं अंतर उरलं. सातव्या महिन्यात बाई गाडीत बसायची आणि लेकरू दोन-तीन महिन्यांचं झालं की परत जायची. रेल्वेत नोकरी असेल तर घरच्यांसाठी पासही मिळे.

या ये-जा करण्यानं मुंबईच्या नोंदवह्यांची मात्र गंमत केली. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेंहून अधिक अर्भकमृत्यू दिसतात. आकडा भयंकर आहे, आणि चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची स्थिती खरोखर भयंकर होती. पण तो फुगण्याचं एक कारण असं की पुष्कळ मुलं गावी जन्मायची आणि त्यांचे मृत्यू मुंबईत नोंदले जायचे. आईला गावी जी थोडी उसंत मिळाली ती चाळीत पाऊल टाकताच संपायची. गिरणीत दहा तास उभं राहायचं तर तान्ह्याचं काय करायचं? त्यावरचं उत्तर होतं ‘बाळागोळी’, म्हणजे अफूची गोळी. डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास सरकारसाठी गिरणी कामगार बायांची पाहणी केली, तेव्हा बहुतेकींच्या मुलांना ही गोळी दिली जात असल्याचं त्यांना आढळलं. आईला सोपं जावं म्हणून निघालेल्या युक्त्यांच्या इतिहासात हे पानही आहेच.

थळ घाटाची रेल्वे ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ ला, याच लोहमार्गावरच्या कल्याणशी नातं असलेल्या आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे पहिल्या मराठी स्त्री डॉक्टरचा पहिला अभ्यासविषय सुईण आणि बाळंतीण हाच होता. त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयानं गेल्या. त्यांची विद्या इथल्या एकाही बाळंतिणीला लाभली नाही.

सरकारनं बाळंतिणीकडे पाहायला सुरुवात केली ती कामगार म्हणून. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं बाळंतपणाची बारा आठवड्यांची रजा सुचवली. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात तशाच विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनंही उचलायला हवा, पण निदान मालकानं तरी उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला पहिला. बाळंतिणीला रोज आठ आणे आणि काही आठवड्यांची रजा. जी सुट्टी सोयराच्या धाकानं मिळत होती ती आता कायद्याच्या धाकानं मिळाली, आणि हा फरक मोठा होता.

फक्त हा कायदा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबला. १९६१ चा देशव्यापी कायदा, २०१७ मध्ये बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झालेली रजा, पन्नास किंवा अधिक नोकर असतील तिथे पाळणाघराची सक्ती, हे सगळं पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईसाठी. खाचरातल्या बाईचं पगारपत्रक नसतं.

इकडे सुईणीचं काय झालं? १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया स्मारक निधीतून दायांचं प्रशिक्षण सुरू झालं. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभं राहिलं आणि मध्यमवर्गीय घरांतल्या, पुष्कळदा विधवा, बाया परिचारिकेचं आणि प्रसूतीचं शिक्षण घेऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर गावोगावच्या सुईणींना बोलावून पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: हात, जागा, पातं, दोरा आणि नाळ. साबण, नवं ब्लेड, दोरा आणि प्लास्टिकचं कापड असलेली पेटी त्यांच्या हाती आली. विळ्याची जागा ब्लेडनं घेतली आणि तेवढ्यानंच कित्येक जीव वाचले.

मग २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि धोरण बदललं. सुईणीला शहाणं करण्यापेक्षा बाईलाच दवाखान्यात न्यायचं ठरलं. महाराष्ट्रात २००५-०६ साली शंभरातली ६४.६ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण ९४.७ झालं. याचं मोल कमी लेखू नये. रक्तस्राव झालेल्या बाईला खोलीतली धुरी वाचवत नाही, रक्त आणि डॉक्टरच वाचवतात.

पण सुईण दोन कामं करत होती, आणि हे धोरण आखणाऱ्यांच्या फारसं ध्यानात आलेलं दिसत नाही. बाळंतपण करणं हे तिचं एक काम, ते दवाखान्यानं घेतलं आणि जास्त चांगलं केलं. दुसरं काम, पुढचे दहा-बारा दिवस रोज येऊन चोळणं, न्हाऊ घालणं, धुणं धुणं, बाळ धरणं, ते कुणीच घेतलं नाही. साधं बाळंतपण झालेली बाई दोन-तीन दिवसांत गाडीनं घरी सोडली जाते. तिच्यामागून आशाताई येते. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं घरी जायचं असतं. हे वेळापत्रक आलं गडचिरोलीहून. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बाईला आरोग्यदूत बनवून घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ पासून देशभर त्याच धर्तीवर घरभेटी सुरू झाल्या. आशाताई बाळाचं वजन करते, ताप मोजते, बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवते. बाळंतिणीचं पाणी ती आणत नाही, आणि तुटपुंज्या मोबदल्यात तिनं ते आणावं अशी अपेक्षाही कुणी करू नये.

शहरात ही पोकळी पैशानं भरली. नाशिक-मुंबईत बाळबाळंतिणीच्या मालिशला येणाऱ्या मावशींचे महिन्याचे दर ठरलेले असतात आणि त्या महिने-महिने आधी बुक होतात. त्यांतल्या कितीतरी जणींनी ही विद्या गावाकडे आई-आजीकडून उचललेली असते. म्हणजे वाडीवरची सुईण संपली असं म्हणताना ती गाडी पकडून खाली उतरली, असंही म्हणता येईल.

बाळ धरायला हात कुठून आणायचे, या प्रश्नावरचा सगळ्यात बुद्धिमान मराठी प्रयोग घाटाखाली झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुली शाळेत का येत नाहीत याचा शोध घेताना त्यांना दिसलं की प्रत्येकीच्या कडेवर धाकटं भावंड आहे. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. मुलगी शाळेत, तान्हं पाळण्यात, आई कामावर. तिघांची सोय एका दगडात. आदिवासी पाड्याच्या अंगणात जाऊन भरवायची अंगणवाडी ही कल्पनाही ताराबाईंचीच. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ते नाव देशानं उचललं. पाळणा मात्र मागे राहिला. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवते, तान्ह्यांना फक्त तोलते.

त्या मानानं २०१५ मध्ये सुरू झालेली अमृत आहार योजना जुन्या रिवाजाच्या मर्माजवळ जाते. आदिवासी भागात गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर काही महिने अंगणवाडीत दिवसातून एकदा गरम, चौरस जेवण: भाकरी-पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. इगतपुरीतली आदिवासी गावं तिच्या कक्षेत येतात. कोरडा शिधा घरी नेला की तो सगळ्यांच्या ताटात वाटला जातो आणि आईच्या वाट्याला शेवटी उरेल ते येतं. शिजवलेलं ताट तिच्यापुढेच ठेवलं तर ते तिच्याच पोटात जातं. शिवाय तेवढ्या एका जेवणाची चूल तिला पेटवावी लागत नाही. दोष एकच, ताट अंगणवाडीत आहे आणि बाई लावणीला किंवा भट्टीवर.

‘माहेरघर’ हा असाच रिवाजातून उचललेला उपाय. दुर्गम आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी एक खोली, जिथे गरोदर बाईनं दिवस भरण्याआधी काही दिवस सोबतीच्या माणसासह येऊन राहावं. २०१०-११ च्या सुमारास नाशिकसह काही जिल्ह्यांत याची सुरुवात झाली. कल्पना अचूक, कारण पावसाळ्यात ओढा चढला की वाडी तुटते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फिरते आहे, पण ती डांबरी संपते तिथे थांबते. २०२३ च्या जुलैत इगतपुरी तालुक्यातल्याच एका वाडीवरून कळा सुरू झालेल्या बाईला रस्ता नसल्यानं पायी न्यावं लागलं आणि ती वाचली नाही. राज्यभर त्यावर चर्चा झाली. तरी बाया माहेरघरात जायला राजी नसतात, त्याचंही कारण त्यांच्या बाजूनं पाहावं. मागे घरी दोन लेकरं, शेळ्या आणि खाचर असेल तर आठवडाभर खाटेवर पडून राहायला कोण जाईल? खऱ्या माहेरी जाताना मागची व्यवस्था लावलेली असे. सरकारी माहेरात फक्त खाट आहे.

२६ जानेवारी २०१९ पासून राज्यानं पहिल्या बाळंतपणाला पेटी द्यायला सुरुवात केली. झबली, लंगोट, टॉवेल, मच्छरदाणी, तेल, थर्मामीटर अशा वस्तूंची ही पेटी दोन हजार रुपयांची. फिनलंडनं अशी पेटी १९३८ मध्ये काढली होती, आधी गरजू आयांसाठी आणि १९४९ पासून सगळ्यांसाठी. आपल्याकडे तिचं जुनं नाव बाळंतविडा. तो माहेरून यायचा. एसटीच्या स्थानकांवर अंगावर पाजायला हिरकणी कक्ष झाले. रायगडाचा कडा उतरून लेकराकडे गेलेल्या गवळणीचं नाव द्यायला छान आहे, पण कुठे त्या खोलीला कुलूप असतं, कुठे आत अडगळ, आणि बाई पदर ओढून बाकावरच पाजते.

वस्तू देणं सोपं, हात देणं अवघड. नेदरलँड्समध्ये मात्र हात देतात. तिथे बाळंतपणानंतर साधारण आठ-दहा दिवस प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते आणि तिचा मोठा खर्च आरोग्यविम्यातून भागतो. ती आईचे टाके पाहते, बाळाचं वजन करते, पाजायला शिकवते, आणि त्याबरोबर धुणं लावते, न्हाणीघर साफ करते, थोरल्या मुलाला खाऊ घालते. इगतपुरीच्या कुठल्याही म्हातारीला हे काम सांगितलं तर ती म्हणेल, ही तर आमची सुईण.

तालुक्यातल्या आयांना सगळ्यात मोठी मदत कोणती झाली असेल, तर ती आरोग्य खात्याच्या यादीत नसणारी: दारातला नळ. आणि इथेच इगतपुरीची थट्टा झाली आहे. १९१६ मध्ये दारणा धरण पूर्ण झालं, पुढे अप्पर वैतरणा, मुकणे, भावली झाली. या तालुक्यातलं पाणी नाशिकच्या कालव्यांना, मराठवाड्याकडे गोदावरीला आणि मुंबईच्या नळांना जातं. कोसळणाऱ्या पावसाच्या याच तालुक्यात मार्च उलटला की वरच्या वाड्यांतल्या बाया झऱ्याच्या खड्ड्यात वाटीवाटीनं हंडा भरतात. मे महिन्यात बाळंत झालेल्या बाईला त्या रांगेत कधी उभं राहावं लागतं, हे तिच्या घरात दुसरं कोण आहे यावर ठरतं. २०१९ पासूनच्या जलजीवन मोहिमेत नळ पुष्कळ ठिकाणी पोचले. तो उन्हाळाभर चालतो तिथे सव्वा महिन्याच्या आरामाचा निम्मा भार उतरला आहे. कोरडा पडतो तिथे जैसे थे.

उरलेला निम्मा भार उतरवण्याची तरतूद आपल्याच कायद्यात दुसऱ्या कामासाठी करून ठेवलेली सापडते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं ठरवलं होतं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे काम आहे आणि त्याला रोज पडतो, हे एवढं तिथे मान्य झालं. तोच न्याय बाळंतिणीच्या घराला लावून पाहिला तर? २०२४-२५ साली महाराष्ट्रात हमीचा रोज २९७ रुपये होता. वाडीतल्याच एका बाईनं चाळीस दिवस अर्धा दिवस येऊन पाणी आणायचं, धुणं धुवायचं, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, याचे होतात ५,९४० रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक आईला किमान ६,००० रुपये प्रसूती लाभ कबूल केला होता. २०१७ पासूनची मातृवंदना योजना पहिल्या मुलासाठी हप्त्याहप्त्यानं ५,००० देते. जुलैत मात्र हा हिशेब चालणार नाही. लावणीच्या दिवसांत इगतपुरीत रोज याहून बराच जास्त पडतो, आणि तरीही शेतकऱ्याला बाया मिळत नाहीत.